बाबांच्या सायकलला मोटर बसवली, पण फ्रीव्हीलने दोन महिने अडवलं : माझा अनुभव

बाबा दर बुधवारी नाशिकला गंगेवरच्या (म्हणजे गोदाकाठच्या) बाजारात सायकलवर जातात, जाताना उतारच आहे म्हणून काही वाटत नाही पण येताना हँडलला भाजीच्या दोन पिशव्या लावून मालेगाव स्टँडचा चढ चढायचा म्हटलं की गुडघे बोलायला लागतात. स्कूटर घेऊया म्हटलं तर नको म्हणाले. "मला सायकलच चालवायचीय रे, फक्त चढाला कोणीतरी मागून हात लावल्यासारखं झालं पाहिजे." म्हणजे अट एकच, मोटर बंद असताना पेडल आधीइतकंच हलकं फिरलं पाहिजे. त्यासाठी मोटर आणि चाकाच्या मध्ये फ्रीव्हील हवं, म्हणजे एका दिशेला अडकणारं आणि उलट दिशेला मोकळं फिरणारं दातेरी चक्र. आणि ह्या एका अटीपायी माझे दोन महिने गेले, तेच लिहितोय, कारण हेच काम करणारा दुसरा कोणी असेल तर त्याचे तरी वाचतील.

पेट्रोल इंजिनचा विचार केलाच नाही, बॅटरीवरच्या सायकलला २५० वॅट आणि ताशी २५ किमीच्या आत रजिस्ट्रेशन लागत नाही, इंजिनला ती सूट २५ सीसीपर्यंतच आहे. २४ व्होल्ट २५० वॅटची गिअरबॉक्सवाली डीसी मोटर घेतली आणि यूपीएसमध्ये असतात तशा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावल्या. ह्या मोटरची आतली आर्मेचर मिनिटाला ३००० च्या आसपास फिरते आणि गिअरबॉक्स ते ९.७८ पटीने खाली आणतो, म्हणजे बाहेरच्या शाफ्टवर साधारण ३०० आरपीएम मिळतात. शाफ्टवर ९ दातांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) आलं होतं. चाकावर १८ दात लावले तर चाकाच्या मिनिटाला १५० फेऱ्या, २६ इंची चाक एका फेरीत दोन मीटरच्या थोडं वर जातं, म्हणजे ताशी १८-१९ किमी. बाबांना एवढं भरपूर.

उजव्या बाजूला पेडलची चेन आणि गिअर, तिथे जागाच नाही, म्हणून मोटर डावीकडे घेतली. बाबा चालवतात ती भावाचीच जुनी डिस्कब्रेकवाली सायकल, मागच्या हबवर डिस्कसाठी ४४ मिमीच्या वर्तुळात सहा बोल्टची भोकं असतात, तिथे लेथवर बनवलेला अडॅप्टर बसवून त्यावर साधं १८ दातांचं फ्रीव्हील फिरवलं. मागचा ब्रेक गेला म्हणून रिमवर व्ही ब्रेक लावला, फ्रेमला तो बसवायचे खुंट होतेच. (ब्रेक काढून नुसती मोटर बसवू नका, प्लीज.)

थ्रॉटल दिला, चेन फिरली, चाक जागेवर.

मग कळलं काय होतंय ते. फ्रीव्हील समोरून बघा, दात घड्याळाच्या दिशेने ओढले तरच आतली स्प्रिंगवरची खिट्टी अडकते, उलटे ओढले की कटकट करत मोकळे फिरतात. सायकल पुढे जाताना उजवीकडून बघितलं तर चाक घड्याळाच्या दिशेने फिरतं, पण डावीकडे जाऊन उभे राहा, तेच चाक उलटं फिरताना दिसतं. म्हणून मी फ्रीव्हीलच पलटी मारून बसवलं, दोन्ही बाजूंनी आटे घेत होते. चाललं! हिरावाडी रोडपर्यंत मस्त गेलो आणि तिथे खाडकन चेन पडली. खाली बघतो तर फ्रीव्हील अर्धं उघडून बाहेर आलेलं. आटे उजवे (घड्याळाच्या दिशेने घट्ट होणारे) आणि मोटरचा जोर डावा (त्याच्या उलट), मग दर वेळी थ्रॉटल दिला की तो जोर फ्रीव्हील उघडतच राहणार. वेल्डिंग मारून टाक असं दोघा-तिघांनी सांगितलं पण त्या उष्णतेने आतल्या स्प्रिंगा आणि ग्रीस जातं, ते मला पटत नव्हतं.

एका रात्री जेवण झाल्यावर तेच फ्रीव्हील घेऊन बसलो होतो, दात डाव्या मुठीत धरले आणि आतली रिंग बोटाने फिरवत होतो. घड्याळाच्या उलट फिरवली की अडकत होती. म्हणजे जोर बाहेरून न देता आतून दिला तर हेच उजवं फ्रीव्हील डावीकडे बरोबर चालणार! फ्रीव्हील चाकावर नकोच, मोटरच्या शाफ्टवर हवं आणि चाकावर फिक्स स्प्रॉकेट. मग आट्यांचाही प्रश्न मिटतो, कारण आतून डावा जोर लागला की फ्रीव्हील आणखी घट्ट होत जातं. मला एवढा आनंद झाला की बाबांना उठवून दाखवलं.

फ्रीव्हील १६ दातांचं घेतलं आणि चाकावर लहान मुलांच्या सायकलचं ३२ दातांचं चेनव्हील, रेशो तोच राहिला. आणखी एक फायदा झाला, ९ दातांपेक्षा १६ दातांचा व्यास बराच मोठा, त्यामुळे त्याच मोटरला चेनवर येणारा ताण निम्म्याच्या थोडा वर एवढाच राहिला आणि चेनची घरघर पण कमी झाली.

शाफ्टवर फ्रीव्हील बसवायचा बुश (बाहेरून आटे असलेली नळी) अंबडला एका लेथवाल्या काकांकडे केला. इथे चूक माझी झाली, आट्यांचा व्यास व्हर्नियरवर ३४.८ मिमी आला आणि मी ३५ ला १ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर) सांगितला. फ्रीव्हील तीन-चार आटे गेलं आणि जाम. ते आटे इंचाला २४ असतात, म्हणजे पिच १.०५८ मिमी, एवढासा फरक पण प्रत्येक आट्याला साठत जातो. दुसऱ्यांदा काकांनी इंचाला २४ आट्यांचा कापला आणि फ्रीव्हील हाताने शेवटपर्यंत गेलं. शाफ्टला दोन बाजूंनी सपाट घासलेलं असतं, जोर त्या सपाटीवरच घ्यायचा, टोकाचा नट फक्त बुश बाहेर येऊ नये म्हणून, आणि फिरणं उलटं असल्याने त्याला स्प्रिंग वॉशर आणि लॉकटाइट (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) लावाच. मोटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की दिशा बदलते, ते सोपं.

मोटरची पट्टी लांबट भोकांची केली, चेन ताणायला, मधोमध दाबल्यावर अर्धा इंच ढिली. पेडल मारताना डावी चेन कायम फिरते हा एक तोटा आहे पण गिअरबॉक्स फिरत नाही, त्यामुळे पायाला काही जाणवत नाही, बाबांनी बॅटरी काढून चालवून बघितली आणि "हां, हीच माझी सायकल" म्हणाले.

पहिल्या बुधवारी मी मालेगाव स्टँडला वरच थांबलो होतो. बाबा पिशव्या घेऊन चढ चढून आले, पेडल मारतच होते, वर आल्यावर थ्रॉटल सोडला आणि डावीकडून फ्रीव्हीलची कटकट सुरू झाली.