सेल्माच्या पुलावर

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरीहून हायवे ८० ला लागलो की दोन्ही बाजूंना गुरांची कुरणं, मधूनच एखादं पडकं घर. १९६५ च्या मार्चमध्ये हेच ५४ मैल माणसं पाच दिवस चालली होती, सेल्माहून माँटगोमेरीकडे, कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी. उलट्या दिशेने गाडीतून आम्हाला जेमतेम तास लागला.

सेल्मा दमलेलं गाव आहे. जानेवारी २०२३ च्या टोर्नेडोच्या खुणा अजून दिसतात, मुख्य रस्त्यावरची कितीतरी दुकानं बंद. पण मी आले होते पुलासाठी. वरच्या लोखंडी तुळईवर ठसठशीत काळ्या अक्षरांत नाव आहे, एडमंड पेटस ब्रिज. हा पेटस गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या फौजेतला जनरल, पुढे सिनेटर. नाव आजही तेच.

पूल मध्ये इतका उंच आहे की गावाच्या बाजूने चढताना पलीकडचं टोक दिसतच नाही. वाचून माहीत होतं, तरी चालताना पोटात गोळा आला. त्या पाच दिवसांच्या आधीचा पहिला प्रयत्न ७ मार्चचा: पंचवीस वर्षांचे जॉन लुईस आणि होझिया विल्यम्स पुढे, मागे सुमारे ६०० माणसं. माथ्यावर पोचल्यावरच त्यांना खाली उभी असलेली पोलिसांची रांग दिसली. मग लाठ्या, अश्रुधूर, अंगावर घातलेले घोडे. लुईस यांची कवटी फुटली. शेजारून ट्रक गेला की फूटपाथ थरथरतो. मी कठडा धरून खालचं गढूळ पाणी बघत बराच वेळ उभी राहिले.

पलीकडे बाकावर एक आजी बसल्या होत्या. तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. "मोर्च्याचं सगळे विचारतात," त्या म्हणाल्या, "रांगेचं कुणी विचारत नाही." मतदार नोंदणीचं ऑफिस महिन्यातून दोनच दिवस उघडायचं. त्यांची आई कोर्टापुढे दिवसभर उभी राहायची आणि नंबर न लागताच परतायची. लागलाच तर पुढे परीक्षा, तिच्यात शाळेत शिकवणाऱ्यांनाही नापास करत. १५,००० च्या आसपास पात्र कृष्णवर्णीयांपैकी यादीत ४०० जणसुद्धा नव्हते.

पुलावर सांडलेल्या रक्ताने पाच महिन्यांत कायदा आणला. ६ ऑगस्ट १९६५ चा मतदान हक्क कायदा. त्याची खरी ताकद एका साध्या अटीत होती: ज्या राज्यांचा इतिहास वाईट, त्यांनी निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यायची. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती मंजुरी कुणाला लागू हे ठरवणारं कलमच रद्द केलं. खटला याच अलाबामातल्या शेल्बी काउंटीचा. तेव्हापासून आधी नियम बदलतो, मग ज्याचं नुकसान झालं त्याने कोर्टात जायचं.

त्यात किती काळ जातो हे याच राज्याने दाखवलं. कृष्णवर्णीय लोकसंख्या चौथ्या हिश्शाहून जास्त, पण सातपैकी एकाच मतदारसंघात त्यांचं बहुमत. २०२२ ची निवडणूक त्याच नकाशावर झाली. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नकाशा चुकीचा ठरवला, तरी विधिमंडळाने पुन्हा एकच बहुमताचा मतदारसंघ आखला. शेवटी कोर्टाने नेमलेल्या माणसाचा नकाशा आला आणि मी तिथे होते त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावरच्या पहिल्या निवडणुकीचे फलक लागले होते. आता घोडे नाहीत, लाठ्या नाहीत. पेन्सिलीने रेघ सरकवली की झालं. मला हे जास्त भयंकर वाटतं, कारण याचा फोटो निघत नाही.

आजींना मी माझ्या आजीचं सांगितलं. तिला सही येत नव्हती, अंगठा उठवायची. तरी १९५२ मध्ये ती आमच्या गावच्या शाळेत जाऊन मत देऊन आली, कुणी परीक्षा घेतली नाही. बाबासाहेबांनी सरसकट प्रौढ मताधिकाराचा आग्रह १९२८ पासून, सायमन कमिशनपुढे धरला होता, म्हणून. आजींनी मला तारीख पुन्हा विचारली. "बावन्न? आणि वाचता येत नव्हतं?" मग बराच वेळ नदीकडे बघत राहिल्या.

"तुझं मतदान कधी?" निघताना त्यांनी विचारलं. नागरिक झाल्यावरचं माझं पहिलंच, जॉर्जियात. तिथे २०२१ पासून मतदान केंद्राच्या १५० फुटांच्या आत रांगेतल्या माणसाला कुणी पाणी आणून दिलं तर गुन्हा आहे.

"घरून बाटली ने," त्या म्हणाल्या, "आणि रांग सोडू नकोस."

पुढच्या आठवड्यात मी दोन बाटल्या नेल्या.