सीएसआर करता, म्हणून ऑडिटची फी कमी?

फीचं पत्र गेलं की रबाळ्याच्या एका क्लायंटचा फोन येतोच. "मॅडम, आम्ही समाजासाठी एवढं करतो, तुम्ही आमच्यासाठी थोडं करा की!" कंपनी कायद्याच्या कलम 142 प्रमाणे ऑडिटरची फी सर्वसाधारण सभा ठरवते. यांची सभा म्हणजे शेठ, वहिनी आणि धाकटे बंधू.

खरं तर सीएसआरमुळे, म्हणजे कंपन्यांना कायद्याने समाजकार्यावर करावा लागणाऱ्या खर्चामुळे, आम्हा ऑडिटरांचं काम वाढतं. निव्वळ नफा 5 कोटींवर गेला की पुढच्या वर्षी कलम 135 लागू. आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्चायचे. सरासरी 6 कोटी असेल तर 12 लाख. मग नफा कलम 198 प्रमाणे काढलाय का, पैसे घेणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-1 हा सरकारी नोंदणी नंबर आहे का, प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांत बसतो का, चालू प्रकल्पाचे उरलेले पैसे 30 दिवसांत वेगळ्या खात्यात गेले का, हे सगळं तपासायचं. न खर्चलेल्या रकमेबद्दल कॅरो 2020 या सरकारी आदेशाखाली ऑडिट अहवालात लिहायचं. सही माझी.

पण फीचा मोठा भाग जोखमीचा, म्हणजे हिशेबात चूक किंवा लबाडी दडलेली असण्याच्या शक्यतेचा, असतो. समाजाचं भान असलेली कंपनी हिशेबातही सरळ, सबब जोखीम कमी, असं काही अभ्यासक मानतात. मला ते अर्धंच पटतं. सत्यम या आयटी कंपनीच्या रामलिंग राजूंनी 2005 मध्ये हैदराबादेत रुग्णवाहिकांची जी सेवा उभारली, तिने खरोखर जीव वाचवले. जानेवारी 2009 मध्ये त्याच राजूंनी ताळेबंदातली रोकड खोटी असल्याचं कबूल केलं.

म्हणून खर्चाचा आकडा बाजूला ठेवून मी सीएसआरची फाईल चाळते. वर्षभर सामसूम, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शहापूरच्या शाळेसाठी दप्तरांचं घसघशीत बिल, पुरवठादार शेठचे साडू, पोचपावतीवर मुख्याध्यापकांचा शिक्का नाही. असं दिसलं की आर्टिकलना, म्हणजे माझ्याकडे काम शिकणाऱ्या सीएच्या विद्यार्थ्यांना, सांगते, बाकीच्या खरेदीचीही जास्त व्हाउचर काढा. त्यांचे दिवस वाढतात, पाठोपाठ फी.

तुर्भ्याच्या एका कारखान्याने मुरबाडकडच्या पाड्यावर पाण्याची टाकी बांधली. मोजमाप, ग्रामपंचायतीचं पत्र, बँकेच्या नोंदी, सगळं तारखेवार लावलेलं. त्यांचं स्टॉक रजिस्टरही तसंच निघालं. त्यांच्याकडे यंदा मी फीवाढ मागितली नाही. कारण मात्र सांगितलं नाही. नाहीतर पुढच्या वर्षी टाकीचे फोटोच दुप्पट यायचे.