तुकडं दाखवा की

शनिवार, रात्र

"सर, फुटते म्हणता, तर तुकडं दाखवा की." वर्गात मी म्हणालो होतो, एखादी संख्या फुटते, म्हणजे मूळ नसून लहान संख्यांचा गुणाकार आहे, हे तिचे अवयव न शोधताही कळतं. त्यावर प्राचीनं हे विचारलं. तिच्या विचारण्यात खोच नव्हती, म्हणूनच जास्त लागलं.

४२९४९६७२९७ चे तुकडे दाखवता येतात. २ चा ३२ वा घात अधिक १. गणिती फर्माला ती मूळ, म्हणजे न फुटणारी, वाटली. १७३२ मध्ये दुसरा गणिती ऑयलर यानं ६४१ नं भाग घातला, भागाकार ६७००४१७. लांबलचक भागाकार टाळूनही जमतं. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १. म्हणून ६४१ नं भागताना ५ × १२८ च्या जागी −१ चालतो. १२८ हा २ चा सातवा घात. दोन्हीकडं चौथा घात केला की ६२५ × (२ चा २८ वा घात) ची बाकी १. पण ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा, म्हणून ६२५ च्या जागी −१६. मग २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१, त्यात १ मिळवला की शून्य. सुंदर आहे हे.

अशा संख्या मूळ आहेत का हे ठरवणारी गणिती पेपँची १८७७ ची कसोटी मात्र तुकडे देत नाही. ३ घ्यायचा, वर्ग करायचा, दिलेल्या संख्येनं भागून बाकी ठेवायची, परत वर्ग. १७ म्हणजे २ चा चौथा घात अधिक १, म्हणून घातापेक्षा एक कमी, तीनदा: ९, मग ८१ मधून ६८ गेले, १३, मग १६९ मधून १५३ गेले, १६. बाकी संख्येहून नेमकी एकानं कमी, म्हणून १७ मूळ. ४२९४९६७२९७ साठी ३१ वर्ग. शेवटी हवी ४२९४९६७२९६, येते १०३२४३०३. म्हणजे फुटते, पक्कं. पण त्या १०३२४३०३ कडं कितीही बघा, ६४१ चा मागमूस नाही.

कळलंय, पण हातात काही नाही. २ च्या १०४८५७६ व्या घातात १ मिळवा: ३१५६५३ अंकी संख्या. १०४८५७५ वर्ग करून ती फुटते हे ठरलं, एकही अवयव आजवर मिळालेला नाही. कुस्तीवर, पंचगंगेच्या पाण्यावर बोलायला या गावात कुणीही भेटतं. हे कुणाशी बोलू? घरी सांगावं तर... असो.

तरी २ च्या १६३८४ व्या घातात १ मिळवून झालेली संख्या आठवली आणि जरा हलकं वाटलं. फुटते हे १९६० च्या दशकात कळलं, ५४ अंकी अवयव हाती आला २०१० मध्ये. प्राचीनं तुकडे मागितले ते बरोबरच आहे. मागतच राहायला हवेत.

सोमवारी प्राचीला आणि वर्गातल्या आणखी एकीला वेगवेगळ्या वह्यांत ते ३१ वर्ग करायला देतो. एक हातचा चुकला की पुढची प्रत्येक बाकी चुकते, आणि चुकलेली बाकीही बरोबर असल्यासारखीच दिसते. म्हणून प्रत्येक पायरीला दोन्ही वह्या जुळवायच्या, वर नवाचा ताळा. शेजारचे दोन अंक उलटे पडले तर नवाला पत्ता लागत नाही, त्यासाठी अकराचाही.