सीआरपी वाढला, पण दाढेमुळे

गेल्या वर्षी डिप्रेशनचं निदान झालं तेव्हा मला गोळ्यांपेक्षा एक रिपोर्ट हवा होता, म्हणजे शुगरचा कसा असतो, आकडा, शेजारी नॉर्मल रेंज, विषय संपला. कारण डॉक्टर विचारायचे "काय वाटतं?" आणि माझं दरवेळी तेच, छाती जड, झोप नाही, ॲसिडिटी. वाटतं काय ते खरंच कळायचं नाही हो. याला ॲलेक्सिथायमिया म्हणतात, १९७० च्या दशकात पीटर सिफ्निओस या डॉक्टरांनी शब्द आणला, भावनेला शब्दच न सापडणं. वेगळा आजार नाही, पण डिप्रेशनसोबत असला की जीव द्यायचे विचार जास्त दिसतात असं बऱ्याच अभ्यासांत आलंय.

मग रात्री मोबाईलवर वाचत बसलो, इटलीतल्या काही डॉक्टरांनी ॲलेक्सिथायमिया, सीआरपी, कोलेस्टेरॉल आणि असे विचार सगळं एकत्र मोजलेलं. सीआरपी म्हणजे शरीरात कुठे सूज असली की लिव्हर जे प्रोटीन जास्त सोडतं ते. झालं, सकाळी लॅबमध्ये हजर. आला ६.८, आणि ३ च्या वर म्हणजे जास्त. घाबरलो, आणि खरं सांगू, थोडा खूशपण झालो, पुरावा मिळाला ना!

डॉक्टरांनी कागद बघितला आणि विचारलं, दाढ दुखतेय का? दुखत होती, हिरडीत पू झालेला. सीआरपी वजनाने, सिगरेटनेही वाढतो म्हणे. अटलांटात २०१३ साली डिप्रेशनच्या ६० पेशंटवर सूज उतरवणारं इन्फ्लिक्सिमॅब वापरून बघितलं, एकूण हिशोबात तुलनेसाठी दिलेल्या खोट्या औषधापेक्षा (प्लासिबो) सरस नाही ठरलं, फक्त ज्यांचा सीआरपी ५ च्या वर त्यांच्यात फायद्याची चिन्हं दिसली. म्हणजे धागा आहे कुठेतरी, पण कोण जिवाचं बरंवाईट करेल हे सांगणारी रक्ततपासणी नाहीये.

मग त्यांनी कागद बाजूला सारून सरळच विचारलं, मरायचे विचार येतात का. येत होते. हो म्हणालो, पहिल्यांदाच, आणि बाहेर बसलेल्या बायकोला मीच आत बोलावलं. (असं विचारल्याने डोक्यात विचार घुसतो ही आपली उगाच भीती. कुणाला आत्ता गरज असेल तर टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.)

आता होमवर्क, रोज रात्री वहीत एक शब्द. 'कसंतरी' चालत नाही. सोमवारी लिहिलं, हुरहूर. एकदम भारी वाटलं. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "हुरहूर कसली, दुपारपासून चिडलायस माझ्यावर."

हो, चिडलेलो.