लाल टोपीला वळण लावताना

ठाणे-वाशी लोकलमध्ये खिडकीजवळ बसायला मिळाले तरी चौथ्या सीटवरचा प्रवासी टेकला की सगळ्यांनाच कोपरे अंगाशी आवळून घ्यावी लागतात, आणि तशा बैठकीत लॅपटॉपच्या टचपॅडला तळहात लागून कर्सर भलत्याच ओळीत जाऊन बसतो. म्हणून गेल्या पावसाळ्यात नौपाड्यातून एक जुना थिंकपॅड लॅपटॉप घेतला. जी, एच आणि बी या कळांच्या बेचक्यातली त्याची लाल टोपीची, कर्सर हलवणारी छोटी दांडी, म्हणजे ट्रॅकपॉइंट, आयबीएमने 1992 साली थिंकपॅड 700सीमध्ये दिली होती. ती वापरायला हात कळांवरून उचलावाच लागत नाही.

त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकल्यावर मात्र कर्सर गोगलगायीसारखा सरकू लागला. सेटिंग्जमधली वेगाची पट्टी मी शेवटपर्यंत ओढली, तेव्हा तो टोकाला धावू लागला आणि खिडकी बंद करण्याच्या छोट्या फुलीवर काही केल्या थांबेना. ही दांडी खरे तर जवळजवळ हलत नाही, ती बोटाचा दाब मोजते आणि दाबाच्या प्रमाणात वेग देते. पट्टी बदलते ती लिबइनपुट या माउस-कीबोर्ड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची त्वरा, म्हणजे दांडीकडून आकडे आल्यानंतरचा हिशेब. मला बदलायची होती ती दांडीची स्वतःची संवेदनशीलता.

ती कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ‘सिस’ फोल्डरमध्ये ‘सेन्सिटिव्हिटी’ नावाच्या फाइलमध्ये सापडली. तिथे 128 हा मूळ आकडा होता आणि कमाल मर्यादा 255. (सर्वच कंपन्यांच्या दांड्यांना ही फाइल मिळत नाही, माझे नशीब चांगले.) टर्मिनलमध्ये ‘सुडो एको 200’ (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, एको म्हणजे दिलेला मजकूर छापणे) लिहून पुढे बाणाच्या चिन्हाने फाइलचा पत्ता दिला, तर ‘परवानगी नाही’ असे उत्तर आले. सुडो फक्त एकोला लागू होतो, फाइल उघडण्याचे काम शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्राम, सामान्य वापरकर्त्याच्याच नावाने करते, हे कळायला मला अर्धी संध्याकाळ लागली. सुडो लावून ‘टी’ या, मिळालेला मजकूर फाइलमध्ये लिहिणाऱ्या आज्ञेतून आकडा पाठवला आणि पट्टी पुन्हा मध्यावर आणली, तेव्हा हलक्या दाबालाही कर्सर नेमका फुलीवर थांबला.

संगणक पुन्हा सुरू केल्यावर 128 परतला. त्यावर युडेव्हचा, म्हणजे उपकरणांची सेटिंग्ज आपोआप लावणाऱ्या यंत्रणेचा, नियम लिहिला, पण फाइलच्या नावाचा शेवट ‘डॉट रूल्स’ असा नसल्यामुळे त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. नाव बदलताच तो लागू झाला. मधले बटण दाबून पान सरकवण्याची सोय आधीपासूनच चालू होती.

कर्सर कधीकधी आपोआप एका बाजूला वाहत जातो. बोट बराच वेळ एकाच दाबाने टेकून राहिले की दांडी त्या दाबालाच शून्य समजते. अशा वेळी हात काढून काही क्षण थांबावे लागते, उलट दिशेने ओढू नये. मी पहिले काही दिवस नेमके तेच करत होतो.

पुढे झिजून गुळगुळीत झालेली रबरी टोपी बदलली. नव्या टोपीवर बोट घसरत नसल्यामुळे 200 फारच चपळ वाटू लागले, म्हणून नियमात आता 180 लिहिले आहे.