कुरडया, कुत्रं आणि पाचव्या दिवसाचं पाणी

आमचं अपार्टमेंट सोलापुरात विजापूर रोडला, सैफुलच्या बाजूला. चार मजले, सोळा फ्लॅट, एक लिफ्ट. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावर एक कुटुंब राहायला आलं, सोबत दीड वर्षाचा लॅब्रॅडोर. कुत्रं गोड होतं हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून मी कुत्र्यांची वैरीण वाटेन.

सुरुवात लिफ्टपासून झाली. संध्याकाळी ऑफिसातून यावं तर कोपऱ्यात पिवळं थारोळं. वॉचमन मामांना विचारलं तर म्हणाले, "मी रोज पुसायलालो की ओ म्याडम, पण पाणी कुठलं आणू?" हा प्रश्न सोलापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असलं तरी आमच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी. आलं की हंडे, कळशा, ड्रम सगळं भरून घ्यायचं आणि पुढचे दिवस तांब्या-तांब्यानं काढायचे. अशा गावात दुसऱ्याच्या कुत्र्याचं मूत धुवायला आपली बादली कोण देणार? खरं भांडण या बादलीचंच होतं, फक्त ते कळायला मला चार महिने लागले.

आधी त्या वहिनींना जिन्यात गाठलं. "मुका जीव आहे ओ ताई, त्याला काय कळतंय?" मी म्हणाले, "त्याला कळत नाही म्हणूनच तुम्हाला सांगतेय." तेव्हा स्वतःच्या उत्तरावर मी फार खूश होते. महिनाभर त्या बोलल्या नाहीत, लिफ्ट मात्र तशीच राहिली. मग मी व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. दहा-बारा अंगठे आले, कुणीतरी गुडघाभर लांब मेसेज लिहिला आणि संध्याकाळपर्यंत नवरा-बायको दोघंही ग्रुपमधून बाहेर. आता निरोप द्यायचीही सोय राहिली नाही.

कडेलोट झाला एप्रिलात. सासूबाईंनी गच्चीवर धोतर अंथरून त्यावर कुरडया घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज त्यांचं पाणी बदलायचं, वाटायचे, गाळायचे, चीक बसू द्यायचा, शिजवायचा. त्यात किती पाणी जातं ते घालणाऱ्या बाईलाच माहीत. दुपारी दोनच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा कुत्र्याला गच्चीवर मोकळं सोडून जिन्यात मोबाईल बघत बसला. आम्ही वर गेलो तेव्हा ओल्या कुरडयांच्या पाच ओळींवरून पंजे उमटले होते आणि धोतराचा एक कोपरा भिजलेला होता. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी धोतराची चार टोकं धरली, गाठ मारली आणि ते गाठोडं खाली नेऊन कचऱ्याच्या डब्याशी ठेवलं. मला वाटतं, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी मीटिंग. कुत्र्याला लिफ्टबंदी, पाचशे रुपये दंड, फ्लॅट खाली करा, सगळं एका दमात. सेक्रेटरी काका ठराव लिहायलाही बसले. तेवढ्यात त्या घरच्या भाऊंनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना. बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, दंडही लावता येत नाही. खोली एकदम थंड झाली. माझा मामेभाऊ वकील आहे, त्याला रात्री फोन केला. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे म्हणाला, पण ते प्राणी नीट सांभाळला नाही आणि माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका झाला तर लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. "मुताला कलम नाही गं ताई."

दुसऱ्या दिवशी तोच कागद मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. भाऊंनी वाचून दाखवला नव्हता तो भाग खाली होता: सामायिक जागेत कुत्रं साखळीला असावं, त्याची घाण मालकानं उचलावी. म्हणजे अर्धा कागद आमचाही होता. तो घेऊन सेक्रेटरी काकांसोबत मी भाऊंच्या घरी गेले. मीटिंग नाही, ग्रुप नाही. तारखा-वेळा लिहिलेली वही नेली होती, ती पिशवीतच ठेवली. चहा झाल्यावर विचारलं, भर दुपारी दोनला गच्ची का?

भाऊ मला बाल्कनीत घेऊन गेले. चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन, खाली डांबर चकाकत होतं. "हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा रस्त्यावर. टिकली तर त्याचे पाय टिकतील." दोघंही नोकरीवर, मुलगा शाळेतून दीडला येतो, तोवर कुत्र्यानं धरून ठेवलेलं असतं. लिफ्टमध्येच सुटतं. हे त्यांनी सहा महिन्यांपूर्वी सांगितलं असतं तर? पण आम्हीही विचारलं नव्हतं.

पुढचं काम डॉक्टरांच्या एका वाक्यानं सोपं केलं, जनावरांच्या. कुत्रं आपल्या जुन्या वासावर परत येतं, आणि नुसत्या पुसण्यानं किंवा फिनेलनं तो वास जात नाही. आधी व्हिनेगर आणि पाणी. लिफ्टचा कोपरा त्यांनी स्वतः तीन वेळा घासला. आवारात कडुलिंबाखाली सावलीत वाळूचा एक कोपरा केला, तो सात-आठ पावलांवर असल्यानं पाय भाजत नाहीत. आणि बादलीचं म्हणाल तर त्यांच्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी आता ड्रममध्ये साठतं, मुलगा त्यातून बाटली भरून घेऊनच खाली उतरतो. गच्ची मार्च ते मे कुत्र्याला बंद. हे लिहून दोघांनी सह्या केल्या, ठराव म्हणून नव्हे, नुसतंच कबूल म्हणून.

सगळं आलबेल झालं असं नाही. दुपारी एकटं असलं की ते अजूनही भुंकतं, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं की रात्रभर. एकदा पावसाळ्यात पुन्हा जिना भिजला होता. मी फोन केला, वहिनी बाटली घेऊन खाली आल्या. ग्रुपमध्ये मात्र त्या अजून परतलेल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्या ग्रुपची स्थिती पाहता मी त्यांना दोष देत नाही.

यंदा सासूबाईंनी पुन्हा कुरडया घातल्या. गच्चीच्या दाराला कडी होती, तरी दुपारभर त्या काठी घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून होत्या. संध्याकाळी वाळलेल्या कुरडयांचा एक डबा त्यांनी माझ्या हातात दिला, "तिसऱ्या मजल्यावर देऊन ये."