कागदाशिवायचा बँड

आमच्या अमळनेरच्या बँडमध्ये मी ट्रम्पेट वाजवतो. नवं गाणं बसवताना कुणी कागद काढत नाही. क्लॅरिनेटवाले आबा मोबाइलवर ऐकून चाल धरतात, आम्ही मागून तुकडे भरतो, वरात निघेपर्यंत गाणं बोटांत बसतं. नोटेशन येत नाही म्हणून आमच्या लोकांना कमी लेखतात, ते मला फार लागतं. अमेरिकेतल्या जॅझ संगीतातला नामवंत पियानोवाला आणि बँडप्रमुख काउंट बेसी, त्याचे सुरुवातीचे दिवस सांगायचे आहेत ते यासाठीच.

न्यू जर्सीतल्या रेड बँक गावचा विल्यम बेसी, हेच त्याचं मूळ नाव, जन्म १९०४. आई लोकांचे कपडे धुवायची आणि पोराला पियानो शिकवायची. पुढे न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये जॅझ पियानोवाल्या फॅट्स वॉलरकडून तो ऑर्गन शिकला. १९२७ साली तो ज्या फिरत्या कंपनीत होता ती कॅन्सस सिटीत मोडली. भर मोसमात तमाशाचा फड मोडावा तसंच ते. खान्देशात जास्त सांगायला नको. गडी तिथेच राहिला, मूकपटांना साथ करून पोट भरू लागला. मग वॉल्टर पेजचा ‘ब्लू डेव्हिल्स’ बँड, १९२९ पासून बेनी मोटेनचा बँड. १९३५ मध्ये टॉन्सिलच्या ऑपरेशनात मोटेन गेले. त्यानंतर बेसीने रेनो क्लबमध्ये नऊ जणांचा बँड उभा केला.

त्यांची रीत आमचीच! सॅक्सोफोनवाल्यांनी एक छोटा तुकडा धरायचा, ट्रम्पेटनी त्याला उत्तर द्यायचं, जमलं की तेच पक्कं. १९३६ मध्ये शिकागोत रेकॉर्ड काढणाऱ्या जॉन हॅमंडने गाडीतल्या रेडिओवर हा बँड ऐकला आणि हॅमंड थेट कॅन्सस सिटीला पोचला. पण तोवर डेक्का या रेकॉर्ड कंपनीने बेसीकडून करार करून घेतला होता: रेकॉर्डच्या २४ बाजूंचे ७५० डॉलर, रॉयल्टी शून्य. वाचलं तेव्हा अंगाची लाही झाली. सुपारीच्या बोलणीत असंच फसतात आमचे लोक.

त्याच वर्षाअखेर शिकागोच्या ग्रँड टेरेस या नाइट क्लबमध्ये बँड लागला. तिथल्या शोचं संगीत लिहिलेलं, आणि बँड अडखळला. तेव्हा फ्लेचर हेंडरसनने, स्वतः नावाजलेला बँडप्रमुख असून, आपली लिहिलेली गाणी त्यांना वाजवायला दिली. केवढं मोठं मन!

आणि १९३७ च्या जुलैत रेकॉर्ड झालेलं ‘वन ओ’क्लॉक जंप’ हे गाणं मात्र बेसीच्या बँडच्या जुन्या रीतीनेच बसवलेलं. सुरुवातीला बेसीचा पियानो आहे, मग एकेकाची पाळी, आणि शेवटी सगळे एकमेकांना तुकडे देत सुटतात. आबांना ऐकवलं. ते म्हणाले, “हे आपल्याला बसवता येईल.” दिवाळीनंतर तालमीला घेतोय.